‘एएस’ म्हणजे काय, हे यंत्राला कोण सांगतं?

प्रश्न : माझी मुलगी गोंदियाला नर्सिंग करते. ती म्हणते, सिकलसेलवर जगभर इतकं लिहिलं जातं की डॉक्टरांना ते वाचायला वेळ पुरत नाही. म्हणून आता संगणकच ते वाचतो आणि कामाचं तेवढं वेचून देतो. संगणकाला वैद्यकातलं काही कळत नसताना कामाचं कोणतं हे त्याला कसं समजतं? आणि आमच्या आशाताईंच्या वहीतलं मराठी त्याला वाचता येईल का?
– एक वाचक, नागरा (जि. गोंदिया)

उत्तर : मुलगी सांगते ते खरं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘पबमेड’ या सूचीत साडेतीन कोटींहून अधिक वैद्यकीय लेखांच्या नोंदी आहेत आणि त्यात रोज भर पडते. एकट्या सिकलसेलवरचे लेख वाचायचे म्हटले तरी एखाद्या डॉक्टरची हयात जाईल. हे वाचन यंत्राकडून करून घेण्याची धडपड गेली तीस-चाळीस वर्षं चालू आहे. तुमची शंकाही रास्तच आहे. यंत्राला दिसतात ती अक्षरं. त्या अक्षरांमागे काय आहे, हे आधी माणसांनी बसून, एकेक करून नोंदवून ठेवावं लागतं, आणि सगळी मदार त्या नोंदींवर असते.

एक ओळ घेऊ. केसपेपरवर डॉक्टर घाईत लिहितात तशी ही मी रचलेली आहे : ‘केस ऑफ एससीडी (एसएस), फादर एएस. नो एच/ओ बीटी. कॅप एचयू ५०० ओडी.’ तुमच्या मुलीला ही ओळ वाचायला क्षणही लागणार नाही. रुग्णाला सिकलसेलचा आजार आहे, वडील वाहक आहेत, आजवर रक्त चढवलेलं नाही, हायड्रॉक्सीयुरियाची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून एकदा चालू आहे.

आता हीच ओळ यंत्रापुढे ठेवा. ‘एससीडी’ म्हणजे सिकलसेलचा आजार, पण हृदयरोगाच्या लेखांत तीच अक्षरं अचानक हृदय थांबून येणाऱ्या मृत्यूसाठी वापरतात. ‘एएस’ म्हणजे सिकलसेलचा वाहक, हृदयातली महाधमनीची झडप आकसण्याचा विकार आणि पाठीचा कणा ताठर करणारा एक संधिवातही. शिवाय इंग्रजीत याच दोन अक्षरांचा एक साधा शब्द आहे आणि तो जवळपास प्रत्येक परिच्छेदात येतो. ‘बीटी’ म्हणजे रक्त चढवणं, किंवा रक्तस्राव थांबायला लागणारा वेळ मोजण्याची चाचणी. विदर्भातल्या कुणालाही विचाराल तर बीटी म्हणजे कापूस. ‘एचयू’ म्हणजे औषध, पण सीटी स्कॅनच्या अहवालात ते घनतेचं एकक असतं. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तो उजवा डोळा असतो आणि अपघात विभागात औषधाचा अतिरेकी डोस.

एवढ्याशा ओळीत चूक व्हायला इतक्या जागा आहेत. मुलीला त्या जाणवतही नाहीत, कारण सिकलसेल म्हटल्यावर रक्त, वडील म्हटल्यावर वाहक, कॅप्सूल म्हटल्यावर औषध, असे संबंध तिच्या डोक्यात पक्के बसलेले आहेत. हेच संबंध यंत्राला पुरवायचे असतील तर दोन गोष्टी लागतात : नावांचं भांडार आणि खुणा केलेला मजकूर.

नावांचं भांडार आधी घेऊ. पूर्व विदर्भात ज्याला आपण सरळ सिकलसेल म्हणतो, त्या आजाराला वैद्यकीय लेखनात बरीच नावं आहेत. काही नावांत हिमोग्लोबिनचा उल्लेख असतो, फ्रेंच डॉक्टर वेगळाच शब्द वापरतात, जुन्या लेखांत आणखी काही सापडतं. अमेरिकेच्या त्याच ग्रंथालयाने १९८६ साली एक मोठा प्रकल्प हाती घेतला. शंभरावर वैद्यकीय शब्दसूची एकत्र आणायच्या आणि एका अर्थाच्या सगळ्या नावांना मिळून एकच क्रमांक द्यायचा. सिकलसेल अॅनिमियाचा तिथला क्रमांक आहे सी०००२८९५. लेखात यातलं कोणतंही नाव आलं तरी यंत्र या क्रमांकापाशी पोचतं. हायड्रॉक्सीयुरियाचंही तसंच. युरोपातले डॉक्टर त्याला हायड्रॉक्सीकार्बामाइड म्हणतात. औषध एकच, पण दोन्ही नावं एका क्रमांकाखाली नसतील तर पुष्कळ लेख हातून निसटतील.

नुसती नावं जुळवून काम का भागत नाही, याचं उदाहरण या आजाराच्या इतिहासातच आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी असलेल्या रुग्णाचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. पण ‘सिकलसेल अॅनिमिया’ हे नाव पडलं १९२२ साली. म्हणजे आजाराच्या नावाने शोधणाऱ्याला त्या आजारावरचा पहिलाच लेख सापडणार नाही. लेखात कोणती अक्षरं आली यापेक्षा लेख कशाबद्दल आहे, हे जाणकाराने नोंदवलेलं असावं लागतं. वैद्यक ग्रंथालयाची विषयवार शीर्षकांची यादी १९६०पासून आहे. अनेक दशकं प्रशिक्षित माणसांनी लेख वाचून त्यांवर ही शीर्षकं लावली. २०२२पासून ते काम यंत्र करतं, आणि ते यंत्र शिकलं कशावर? त्या माणसांनी लावून ठेवलेल्या शीर्षकांवर.

आजाराचा रुग्ण आणि वाहक हा फरकही याच भांडारात जपलेला असतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सिकलसेलचा गट डी५७ आहे आणि त्यातला वाहकपणाचा संकेतांक डी५७.३. मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तोही वाहकपणाबद्दल होता. यंत्राने वाहक आणि रुग्ण एकात मिसळले तर एखाद्या जिल्ह्यात रुग्ण किती, हा आकडाच चुकेल. आणि गावात याचा परिणाम आकड्यावर थांबत नाही. वाहक मुलगी आजारी नसते, हे लग्नाच्या बैठकीत समजावून सांगताना आशाताईंचा घसा कोरडा पडतो. कागदावर तरी तो फरक पुसला जाऊ नये.

भारताचाही या भांडाराशी संबंध आहे. ‘स्नोमेड सीटी’ नावाची वैद्यकीय संज्ञांची प्रचंड मोठी, जगभर चालणारी सूची आहे. भारत २०१४ साली तिच्या संस्थेचा सदस्य झाला, म्हणून आपल्याकडच्या रुग्णालयांना आणि संगणकतज्ज्ञांना ती फुकट वापरता येते. तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

आता खुणा केलेला मजकूर. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो, आणि बाहेरच्यांना तोच सगळ्यात कमी माहीत असतो. जाणकार माणसं खरे लेख घेऊन बसतात आणि ओळीओळीत खुणा करत जातात : हा आजार, हे औषध, हे प्रथिन. टोकियो विद्यापीठातल्या जुनिची त्सुजी यांच्या गटाने ‘जेनिया’ नावाचा असा संग्रह तयार केला. मानवी रक्तपेशींशी संबंधित संशोधनाचे २,००० लेखसारांश, ४ लाखांहून अधिक शब्द, आणि त्यांवर सुमारे १ लाख खुणा. २००३ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि पुढे या क्षेत्रातल्या कितीतरी लोकांनी आपली यंत्रं त्यावर शिकवली. अमेरिकेत खास आजारांच्या नावांसाठी केलेल्या दुसऱ्या एका संग्रहात लेखसारांश फक्त ७९३ आहेत, पण त्यांवर १४ जणांनी काम केलं आणि आजारांच्या ६,८९२ उल्लेखांवर खुणा केल्या. प्रत्येक मजकूर दोघांनी तपासला.

दोघांनी का? कारण खूण करणं दिसतं तितकं सोपं नाही. ‘डाव्या पायाच्या घोट्याजवळची न भरणारी जखम’ असं लिहिलेलं आहे. खूण कुठून सुरू करायची? ‘डाव्या’पासून, ‘घोट्याजवळची’पासून, की फक्त ‘जखम’ शब्दावर? ‘न भरणारी’ हे आजाराचं लक्षण धरायचं की नुसतं विशेषण? दोन अनुभवी परिचारिकांना स्वतंत्रपणे खुणा करायला बसवलं तर पहिल्या दिवशी त्यांच्या खुणा जुळणार नाहीत. मग नियम ठरतात, पुस्तिका लिहिली जाते, पुन्हा खुणा होतात, पुन्हा वाद होतात. हळूहळू दोघी एकमेकींशी जुळू लागल्या की तो मजकूर यंत्राला शिकवण्यालायक झाला, असं समजतात. माणसांचंच जिथे एकमत नाही तिथे यंत्राकडून अचूकपणाची अपेक्षा कशी करणार?

खुणा झाल्या की त्यांच्यातलं नातं नोंदवायचं असतं. तीच जखम पुन्हा घ्या. घोट्यापाशी न भरणाऱ्या जखमा सिकलसेलच्या रुग्णांना होतात. हायड्रॉक्सीयुरियाच्या दुष्परिणामांतही तशा जखमांची नोंद आहे. लेखात आजार, औषध आणि जखम हे तिन्ही शब्द एका वाक्यात आले, एवढ्यावरून यंत्राने काय ठरवायचं? औषध जखम बरी करतं, जखम करतं, की त्या वाक्यात औषधाचा जखमेशी काहीच संबंध नाही? हे नातं माणसाने शेकडो वाक्यांत दाखवून दिलेलं असेल तरच यंत्राला त्याचा माग लागतो.

एवढे कष्ट कशासाठी, असं वाटेल. शिकागो विद्यापीठातले ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ साली दाखवलं की काही लेखांत माशाच्या तेलाचा रक्तावर होणारा परिणाम लिहिलेला आहे, दुसऱ्या काही लेखांत थंडीने बोटं पांढरी पडणाऱ्या रेनॉ या विकारातले रक्तातले बदल लिहिलेले आहेत, आणि या दोन गटांतल्या कुणीच एकमेकांचं वाचलेलं नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर उपचाराची एक नवी शक्यता समोर आली आणि नंतरच्या चाचणीत तिला आधारही मिळाला. स्वॉन्सन डॉक्टर नव्हते. उत्तर छापून पडलेलं होतं, ते फक्त एका ठिकाणी नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आशाताईंच्या वहीतल्या मराठीचा.

आज सरळ उत्तर द्यायचं तर : थोडंफार वाचता येईल, पण विसंबून राहावं इतकं नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी भांडारात स्पॅनिश, जपानी, तुर्की, अगदी बास्कसुद्धा आहे. मराठी नाही. आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने शरीर, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र यांचे परिभाषा कोश केले आहेत. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचं जाळं (वर्डनेट) तयार झालं. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने मराठी वाक्यांचा मोठा संग्रह केला आणि ‘महानेर’ या संग्रहात २५,००० वाक्यांवर माणसांकडून खुणा करून घेतल्या. हे काम मोलाचं आहे. पण त्या खुणा व्यक्ती, ठिकाण, संस्था, तारीख, वेळ, माप, हुद्दा यांच्या आहेत. ‘आजार’ असा वर्ग त्यात नाही. आणि परिभाषा कोशातले शब्द वहीत क्वचितच येतात. वहीत ‘पित्त’ येतं.

पित्त घ्याच. ‘जेवण लांबलं की पित्त होतं’ म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे त्वचेवर खाजणाऱ्या गांधी. पित्ताशयातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा रस. वैद्यांच्या चिठ्ठीतलं पित्त म्हणजे तीन दोषांतला एक. एकाच शब्दाला चार वेगवेगळे क्रमांक लागतील. कुठे कोणता, हे शेजारच्या शब्दांवरून ठरतं, आणि ते ठरवून दाखवणारी हजारभर खरी वाक्यं कुणी खुणा करून ठेवली तरच यंत्र ते शिकेल.

मग येतं ‘नाही’. इंग्रजी केसपेपरवर नकार बहुधा आधी येतो. पिट्सबर्गच्या वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली एक साधी पद्धत काढली : नकाराचा शब्द शोधा आणि त्याच्या आसपासच्या मोजक्या शब्दांतली लक्षणं वगळा. ती इतकी उपयोगी ठरली की पुढे इतर भाषांसाठीही तिच्या आवृत्त्या झाल्या. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी बसतो. ‘ताप, खोकला, उलटी नाही’ या नोंदीत तिन्ही नाहीत, की ताप-खोकला आहे आणि फक्त उलटी नाही? बोलताना सुरावरून कळतं, वहीत सूर नसतो. ‘आईला सिकलसेल नाही, बाबांना आहे’ या वाक्याच्या दुसऱ्या भागात आजाराचं नावच नाही, तरी सगळ्यात महत्त्वाची माहिती तिथेच आहे. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. पाणथरी, पाणथरीला, पाणथरीची. आणि कुणी ‘पानथरी’ लिहितं, कुणी ‘प्लीहा’, कुणी सरळ ‘स्प्लीन’. सिकलसेलमध्ये आणि हिवतापात पाणथरी वाढू शकते, म्हणून हा शब्द हुकून चालत नाही.

आता मोठमोठी एआय यंत्रं मराठी फाडफाड लिहितात, मग या कोशांची आणि खुणांची गरज उरली का, असंही कुणी विचारेल. माझ्या मते ती वाढली आहे. ही यंत्रं प्रचंड मजकुरावर शिकतात आणि त्यात मराठी वैद्यकीय मजकूर फारच थोडा असतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे यंत्राने वही वाचून ‘रुग्णाला उलटी नाही, ताप आहे’ असं ठामपणे सांगितलं, तर ते बरोबर की चूक हे आपण कशाशी ताडून बघणार? जाणकारांनी खुणा केलेला मराठी मजकूर हाताशी असेल तरच यंत्राची परीक्षा घेता येते. तो नसताना यंत्रावर विश्वास ठेवणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

मराठीतल्या सामान्य बोलण्यातून वैद्यकीय माहिती काढण्याचं काम आपल्याकडे माणसांनी केलेलं आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. देशाच्या महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणीतल्या घरांत २००१पासून ‘दहा लाख मृत्यूंचा अभ्यास’ झाला. घरात मृत्यू झाला की सर्वेक्षक जाऊन घरच्यांना विचारत आणि त्यांची हकीकत त्यांच्याच भाषेत लिहून आणत. मग ती भाषा जाणणारे दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ती वाचून मृत्यूच्या कारणाचा संकेतांक देत. मतभेद मिटला नाही तर तिसरा डॉक्टर निवाडा करी. सर्पदंशाने देशात वर्षाला सुमारे ४६,००० माणसं मरतात हा २००५ सालचा अंदाज या कामातून निघाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या नोंदीत तो आकडा कितीतरी कमी होता, कारण धानाच्या बांधीत साप चावलेली कितीतरी माणसं रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. त्यांच्या मरणाची नोंद घरच्यांच्या सांगण्यातच होती.

प्रश्न : आमच्याकडे दवाखान्यात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी सगळं मिसळून बोलतात. अशा भाषेचं कुणी काही करील का? मुलगी यात काही करू शकते का?

उत्तर : करू शकते, आणि पुण्या-मुंबईतला माणूस जे करू शकणार नाही ते ती करू शकते. यंत्र बनवणारे शहरात पुष्कळ आहेत. बालाघाटच्या सीमेजवळच्या गावातली आजी पोटातलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगते, हे त्यांना माहीत नाही. वॉर्डात काम करताना रुग्णांनी वापरलेले शब्द ती जसेच्या तसे टिपू शकते : शब्द, तो कोणत्या भाषेतला, आणि डॉक्टरांनी तपासून काय निदान केलं. पोवारीतला शब्द पोवारीतच लिहावा, शुद्ध मराठी करू नये. सुधारलेला शब्द यंत्राला निरुपयोगी आहे, कारण रुग्ण तो बोलत नाही. जमलं तर मैत्रिणीने तीच नोंद तिचं उत्तर न बघता पुन्हा करावी आणि जिथे जुळत नाही तिथे दोघींनी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारावं.

एका बाबतीत मात्र कठोर राहायला हवं. नाव गाळलं म्हणजे रुग्ण ओळखू येत नाही, असं नाही. सिकलसेल काही समाजांत अधिक आढळतो आणि घराण्यातून पुढे जातो. गाव, वय, समाज आणि आजार एवढं एका ओळीत आलं तर नागऱ्यासारख्या गावात ती रुग्ण मुलगी कोणाची हे सगळ्यांना कळेल, आणि तिचं लग्न मोडायला तेवढं पुरतं. म्हणून गाव, वय, समाज काहीच टिपू नये. शब्द, त्याची भाषा आणि निदान एवढंच ठेवावं. केसपेपरचा फोटो काढू नये, तो कुठल्याही अॅपमध्ये टाकू नये. आणि हे काम एकटीने गुपचूप करायचं नाही. आधी आपल्या प्राचार्यांशी बोलावं. गोंदियाला २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागातल्या अध्यापकांना विचारावं. रुग्णांच्या माहितीवर आधारलेल्या कोणत्याही अभ्यासाला नैतिकता समितीची लेखी परवानगी लागते, आणि तिचा अर्ज कसा भरायचा हे ते सांगतील.